केळीच्या खोलीतली पृथ्वी

"मॅडम, दार लाई ल्या! बठ्ठा गारवा निंघी जाई!"

चिंधा आतून ओरडला तेव्हा दिपमाला मॅडम दारातच अडकल्या होत्या. दोन्ही हातांत संगणकाची जड पेटी, खांद्यावर पर्स, पर्सच्या बंदात गुंतलेली वायर आणि मागून ढकलणारे त्यांचे यजमान प्रेमराजभाऊ.

"अगं, तिरकी कर, तिरकी," प्रेमराजभाऊ म्हणाले. "पृथ्वी आहे ती. सरळ कशी जाईल?"

बाहेर मे महिना होता. चोपड्याचा मे ज्याने सोसलाय त्याला सांगायला नको, आणि ज्याने सोसला नाही त्याला सांगून पटणार नाही. आत मात्र हिवाळा. निर्मलकुमार शेठचं हे केळी पिकवायचं चेंबर. हिरवी केळी क्रेटमधून आत जायची आणि चार-पाच दिवसांनी पिवळीधमक होऊन बाहेर पडायची. त्या थंड खोल्यांच्या मधल्या बोळात एक टेबल मांडलं होतं. मॅडमनी पेटी त्यावर ठेवली, कमरेला हात लावून श्वास घेतला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मनापासून हसल्या.

मॅडम म्हणजे दिपमाला सोनवणे. चोपड्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत त्यांची हयात गेली. निवृत्ती जवळ आली की माणसं पेन्शनची कागदं जुळवतात, गुडघ्यांना तेल लावतात. मॅडमनी पन्नाशी उलटल्यावर पीएच.डी.ला नाव नोंदवलं. "आता काय करायचंय डॉक्टर होऊन?" असं स्टाफरूममध्ये विचारणारे होते. गाइड मिळाले तेही त्यांच्यापेक्षा वयाने लहान. ते यांना मॅडम म्हणायचे, या त्यांना सर म्हणायच्या.

आणि विषय? विषय असा, की ऐकणाऱ्याने मान डोलवावी आणि लगेच विचारावं, "मग यंदा पाऊस कसा, मॅडम?" यंदाच्या पावसाशी त्याचा काही संबंध नव्हता. विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीला पावसाचा एक पट्टा असतो, पोराच्या कमरेला करगोटा असतो तसा. उत्तरेचे आणि दक्षिणेचे वारे तिथे समोरासमोर येतात, जायला दुसरी वाट नसते म्हणून हवा वर चढते आणि पाऊस पडतो. हा पट्टा एका जागी बसत नाही. मॅडमना एवढंच शोधायचं होतं, की समुद्राचं सगळ्यात ऊबदार पाणी विषुववृत्तावरून हळूहळू उत्तरेला नेलं तर पट्टा त्याच्या मागोमाग जातो, का हट्टाने बसून राहतो आणि मग एकदम उडी मारतो? आणि तेच पाणी पुन्हा जागेवर आणलं, तर पट्टा गेला तसाच परत येतो का?

खऱ्या पृथ्वीवर असले खेळ करता येत नाहीत. म्हणून संगणकात गणितांची पृथ्वी बांधायची आणि तिच्यावर करायचे. मॅडमच्या पृथ्वीवर जमीन नव्हतीच. इकडून तिकडे सगळा समुद्र.

"म्हणजे चोपडं बुडवलंस?" प्रेमराजभाऊंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"चोपडं काय, अख्खी खंडं बुडवली. जमीन आली की डोंगर आले, वाळवंटं आली. मग कोणामुळे काय झालं ते कळत नाही."

"आणि धरणगाव?"

"माझं माहेर म्हणून काय ठेवायचं? तेही गेलं."

प्रेमराजभाऊ जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. सासुरवाडी बुडाल्याचं त्यांनी फारसं दुःख केलं नाही.

पहिली काही वर्षं त्या पृथ्वीने मॅडमच्या नाकी नऊ आणले. एक पट्टा हवा तिथे दोन दिसायचे, एक विषुववृत्ताच्या वर, एक खाली. गाइड म्हणाले, मोठमोठ्या संस्थांच्या मॉडेलनाही हा रोग जडतो, घाबरू नका. कसाबसा तो रोग बरा केला, तर उन्हाळा आडवा आला. दुपार झाली की घरातलं मशीन तापून आपोआप बंद पडायचं. विषुववृत्ताचं गणित करणाऱ्या मशीनला जळगाव जिल्ह्याचं ऊन सोसेना, आता बोला! कॉलेजात ठेवावं तर परीक्षा आली की प्रयोगशाळेला कुलूप, आणि घरी विजेचा भरवसा नाही.

निर्मलकुमार शेठची मुलगी विधी मॅडमची विद्यार्थिनी. तिच्या निकालाचे पेढे द्यायला शेठ घरी आले होते, तेव्हा मॅडम मशीनवर ओल्या टॉवेलचा पडदा धरून बसल्या होत्या. शेठनी सगळं ऐकून घेतलं. राजस्थानातून आलेल्या घराण्याची त्यांची ही चौथी पिढी, केळीवर वाढलेली.

"एवढंच ना?" शेठ म्हणाले. "माझ्याकडे गारवा आहे, जनरेटर आहे. केळीला लाइट गेली हे चालतच नाही. तिथे पाच ट्रक माल राहतो, तुमची एक पृथ्वी नाही राहणार? आणून टाका."

अशी ती पृथ्वी केळीच्या शेजारी राहायला आली. थंड खोलीत ओल असते हे मॅडमना माहीत होतं. त्यांनी आधी विचार केला होता. मशीन चालू असलं की ते गरम असतं, आणि गरम वस्तूवर दव धरत नाही. म्हणजे चालू ठेवायचं, बस.

चेंबर सांभाळायला चिंधा होता. पारोळ्याकडच्या खेड्यातला, चाळिशीचा, बोलायला कमी आणि कामाला वाघ. खोलीचं तापमान, गॅस, क्रेट, दार सगळं त्याच्याकडे. मॅडमनी त्याला मशीनपुढे उभं केलं.

"चिंधाभाऊ, हे कधी बंद दिसलं तर लाइट आल्याबरोबर हे बटण दाबायचं. वाट बघायची नाही, मला विचारायचं नाही. बंद राहिलं की माझं काम मागे पडतं."

"दाबी दिसू," चिंधा म्हणाला.

शेजारच्या छोट्या पडद्यावर पृथ्वी कोऱ्या चौकोनासारखी दिसायची आणि तिच्यात आडवी निळी पट्टी. तो पाऊस. रोज सकाळी चित्र बदलायचं. चिंधा हजेरी घेतल्यासारखा आधी केळी बघायचा आणि मग पट्टी. मॅडम रविवारी यायच्या. कितीतरी रविवार पट्टी जागची हलली नाही. ऊबदार पाणी उत्तरेला निघून गेलं होतं आणि ही आपली विषुववृत्तावर ठाण मांडून! आणि एका रविवारी मॅडम आल्या, तर पट्टी थेट वर. मधल्या कुठल्याच जागी न थांबता, एका उडीत.

मॅडमनी बोळातच टाळ्या वाजवल्या. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि तरी त्यांनी पुन्हा वाजवल्या. बाजारातून पेढे आणून चेंबरवर वाटले. कशाचे पेढे हे कोणाला कळलं नाही. शेठनी दोन खाल्ले.

"पट्टी वर गई म्हनून का मॅडम?" चिंधाने विचारलं.

"हो. आता पाणी परत खाली आणायचं. बघू ही बाई परत येते का."

परतीचं गणित सुरू झालं. जाण्याचं सगळं मॅडमनी घरी नेऊन जपून ठेवलं होतं. परतीचं मात्र मशीनमध्ये आणि मशीनलाच जोडून ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कमध्ये, असं दोन्ही एकाच टेबलावर होतं. पूर्ण झालं की नेऊ, असं त्यांनी ठरवलं. विद्यापीठाने वाढवून दिलेली मुदत दिवाळीपर्यंत, त्यापुढे एक दिवस नाही. त्यानंतर उन्हाळ्यात निवृत्ती. नीट चालू राहिलं तर सगळं वेळेत बसत होतं.

पुढच्या वर्षी जुलैत पेपर तपासणीचा हुकूम आला. मॅडम जळगावला मावसबहिणीकडे राहायला गेल्या. तपासणीच्या ठिकाणी सकाळी आत जाताना सगळ्यांचे फोन टोपलीत काढून घ्यायचे आणि संध्याकाळी परत द्यायचे. टोपलीतून फोन हातात आला की मॅडम आधी चेंबरला लावायच्या.

"चालू आहे ना, चिंधाभाऊ?"

"चालू शे मॅडम. तुम्ही घोर करू नका."

असे पंधरा दिवस गेले. तपासणीच्या शेवटच्या संध्याकाळी चिंधाने फोन उचलला नाही. चोपड्यात काय झालं ते मॅडमना दुसऱ्या दिवशी परतल्यावर कळलं.

झालं असं. आदल्या संध्याकाळी मॅडमचा फोन येऊन गेल्यावर चेंबरला वीज देणारी डीपी जळाली. जनरेटर रात्रभर चालला आणि पहाटे त्याचा बेल्ट तुटून तोही बंद पडला. केळी थांबत नाही. शेठनी दुसऱ्याचं चेंबर गाठलं, ट्रक बोलावले, हमाल क्रेट घेऊन बोळातून धावू लागले. मशीन कधीचं बंद पडून थंडगार झालं होतं. चिंधाने मॅडमना फोन लावला. तो टोपलीत वाजत राहिला. एखाद्या हमालाचा क्रेट लागला तर पेटी आडवी होईल, या भीतीने चिंधाने ती जोडलेल्या डिस्कसकट पोटाशी धरली आणि बाहेरच्या ऑफिसात आणून ठेवली. ऑफिसची लाइन वेगळी होती, तिथे लाइट होती.

बाहेर आल्या आल्या पेटीला पाणी सुटलं. पावसाळी हवा. चिंधाला वाटलं, आणताना पागोळी पडली असणार. त्याने गळ्यातला रुमाल काढला, पेटी सगळ्या बाजूंनी कोरडी केली, वायर जोडली आणि सांगितल्याप्रमाणे बटण दाबलं. आतून फट् असा आवाज आला आणि जळका वास सुटला.

"मी बठ्ठं पुसं व्हतं मॅडम," दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून सांगत होता. "एक थेंब ऱ्हाऊ दिधा नही. मंग तुम्ही सांगेल व्हतं तसं बटन दाबं."

त्याने बाहेरून पुसलं होतं. आतून मशीन तेवढंच ओलं होतं. मॅडमना ऐकता ऐकताच कळलं. थंड लोखंड दमट हवेत आणलं की त्यावर पाणी धरतं. बर्फाच्या पाण्याचा पेला टेबलावर ठेवून हे त्या दरवर्षी अकरावीच्या पोरांना दाखवायच्या. पाऊस पडतो तोही याच नियमाने पडतो. चालू मशीनचा त्यांनी विचार केला होता, बंद मशीनचा केला नव्हता. आणि वाट बघू नको, मला विचारू नको, हे त्यांनीच तर बजावलं होतं.

"तुमची चूक नाही, चिंधाभाऊ," त्या म्हणाल्या. पण ते त्यांनी इतक्या कोरड्या आवाजात म्हटलं, की चिंधाला ते खरं वाटलं नाही.

जळगावच्या दुरुस्तीवाल्याने दोन्ही डिस्क उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि मान हलवली. मॅडम रिक्षात बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि गाणं बंद केलं. पट्टी परत आली की नाही? एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. डिग्री गेली खड्ड्यात.

डिग्री मात्र खड्ड्यात जायला तयार नव्हती. गाइड म्हणाले, "मॅडम, जाण्याचं गणित पक्कं आहे. तेवढ्यावर प्रबंध उभा राहतो. नवीन रन करायला आता वेळ नाही. परतीसाठी एक वाक्य टाका: परतीचा मार्गही साधारण असाच असावा. कोण विचारतंय?"

"मी विचारते ना, सर."

"तसं नव्हे. शेवट जरा गोल होतो."

मॅडमनी घरी येऊन ते वाक्य लिहिलं. चांगलं दिसत होतं. प्रेमराजभाऊंनी चष्मा लावून वाचलं.

"हे खरं आहे?"

"माहीत नाही."

"मग तसं लिही की. माझ्या ऑफिसात आयुष्यभर सगळे 'असावे' लिहायचे. त्या असाव्यापायी कितीतरी विहिरी कागदावरच राहिल्या."

मॅडमनी वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं: परतीच्या वाटेबद्दल या अभ्यासातून काहीही सांगता येत नाही.

थंडीत विद्यापीठात तोंडी परीक्षा लागली. ही परीक्षा उघडी असते, वाटेल त्याने येऊन बसावं. मॅडमनी लाल काठाची साडी नेसली, प्रेमराजभाऊंनी फरसाण आणि पेढ्यांचे डबे सांभाळले. शेठ चोपड्याहून गाडी घेऊन आले, आणि गाडीतून उतरला चिंधा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. जुलैनंतर तो मॅडमच्या समोर आला नव्हता. मॅडमही चेंबरवर गेल्या नव्हत्या. वेळ मिळाला नाही असं त्या सांगायच्या, पण खरं म्हणजे पाय वळत नव्हता. चिंधा सगळ्यात मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसला.

पुण्याहून आलेले परीक्षक वयस्कर होते, मऊ आवाजाचे. त्यांनी उडीचं सगळं बारकाईने विचारलं. मॅडमनी सांगितलं, कुठेही न अडखळता. शेवटी त्यांनी प्रबंध मिटला.

"आणि परत येताना काय होतं?"

"माहीत नाही, सर."

"अंदाज असेल ना काही?"

"अंदाज आहे. पण माझ्याकडे आकडे नाहीत. म्हणून सांगत नाही."

"तुम्ही करून का बघितलं नाही? खरा प्रश्न तर तोच आहे."

गाइड आपल्या बुटांकडे बघू लागले. मॅडमनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागे खुर्ची सरकली.

"साहेब," चिंधा उभा राहिला होता. हात जोडलेले, आवाज नको तेवढा मोठा. "ते मशीन मन्हा हातथीन बळनं. बटन मी दाबं. मॅडमनी काही चूक नही. त्यास्ना मार्क कापू नका."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी मॅडमकडे बघितलं.

"बटण दाबायला मी सांगितलं होतं, सर," मॅडम म्हणाल्या. "थंड मशीन दमट हवेत सुरू करायचं नसतं, हे सांगायला मी विसरले. हे आमचे चिंधाभाऊ. माझी पृथ्वी यांनी वर्षभर सांभाळली. माझ्यापेक्षा जास्त वेळ ते तिच्याजवळ होते."

परीक्षकांनी चिंधाला बसायची खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. सगळ्यांना थोडा वेळ बाहेर थांबवून, पुन्हा आत बोलावून निकाल वाचला. टाळ्या झाल्या. शेठनी शाल घातली, प्रेमराजभाऊंनी "डॉक्टरीणबाई" म्हणून सगळ्यांदेखत हाक मारली आणि डबे उघडले. फोटो झाले. मॅडम हसत होत्या आणि आनंद त्यांना खरोखरच झाला होता. फक्त तो पुरा होत नव्हता.

चिंधा व्हरांड्यात कागदी बशी धरून एकटाच उभा होता. मॅडम त्याच्याजवळ गेल्या.

"एवढ्या माणसांत कशाला बोललात, चिंधाभाऊ?"

"ऱ्हायनं नही." त्याने बशी कठड्यावर ठेवली. "मॅडम, एक सांगू का? आते सांगं तर चाली का?"

"सांगा की."

"ती पट्टी परत येल व्हती."

"कधी?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही जळगावले व्हत्या तव्हय," तो म्हणाला. "मी रोज दखू ना. तुमले पहिल्याच दिवशी सांगाले गयतू, तर तुम्हीच बोलन्यात, पट्टीनं काही सांगू नका, मी मन्हा डोळाघाई दखसू. म्हनून सांगं नही."

मॅडमना आठवलं. त्याच दिवशी टोपलीतून फोन घेऊन त्या फाटकाशी उभ्या होत्या आणि चिंधा म्हणाला होता, "मॅडम, पट्टी..." आणि त्यांनी हसत त्याला थांबवलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी बघायची हौस. इतकी वर्षं वाट बघितली, आता दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकायचं?

त्या पृथ्वीवर पाऊस परत आला होता आणि तो बघणारा माणूस जगात एकच होता. ना आकडे, ना चित्र. चिंधाचा फोन तर बटणांचा. हे कुठे लिहिता येणार नव्हतं, कोणाला सांगता येणार नव्हतं. आणि तो खरं सांगत होता का आपलं मन राखत होता, हेही ठरवायला मार्ग नव्हता. मॅडमनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. चिंधाला कधी कोणाचं मन राखता आलेलं त्यांना माहीत नव्हतं.

"एकदम आली?" त्यांनी विचारलं. "गेली तशी? उडी मारून?"

"नही नही." चिंधाने आठवलं, घाई केली नाही. मग उजवा हात डोक्याएवढा वर धरला, तळवा जमिनीकडे, आणि अगदी सावकाश खाली आणू लागला. थोडा आणला की थांबे, पुन्हा थोडा आणे. "आशी. रोज जराशी. मधमा इसन बसनी आन तठेच ऱ्हायनी."

आतून प्रेमराजभाऊ हाका मारत होते, परीक्षक निघालेत म्हणून. मॅडमनी ओ दिली नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले नाहीत, कारण पुसताना हात मध्ये आला असता.

"चिंधाभाऊ," त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा दाखवा."

चिंधाने हात परत वर नेला.